बाळाला ऐकूं येतें काय?



प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर ताटकळत बसलेल्या मंडळींचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. तो आवाज म्हणजे नवजात बालकाचें पहिलें रडणें. तें ऐकूं आलें म्हणजे आजीचा जीव भांड्यांत पडतो, पेढे आणावयास कोणीतरी धांवतो. आणि थोड्या वेळानें बाळ हातीं आलें कीं त्याच्या हातापायांचीं बोटें मोजलीं जातात, नाक कोणाच्या वळणावर गेलें याचा वाद सुरू होतो. बाळाच्या रडण्यावरून आपल्याला एक गोष्ट निश्चित कळते. ती ही कीं त्याचीं फुप्फुसें काम करूं लागलीं. परंतु हें मोठ्यानें रडणारें मूल स्वतःचें रडणें तरी ऐकत आहे काय, हा प्रश्न त्या आनंदाच्या घटकेला सहसा कोणाला सुचत नाहीं. सुचण्याचें कारणही नसतें. कान दिसावयास सुरेख असतो. पण बाहेरची पाळ ही नुसती वेस आहे. खरा कारभार आंत, कवटीच्या अत्यंत कठीण अशा हाडांत दडलेला आहे, आणि तो चालूं आहे कीं बंद आहे हें निष्णात डॉक्टरांच्याही नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं.

दर हजार नवजात बालकांत सुमारें एक ते तीन बालकें कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मास येतात, असा अनेक देशांचा अनुभव आहे. अपुऱ्या दिवसांचीं किंवा अतिदक्षता विभागांत ठेवावीं लागलेलीं जीं बालकें असतात, त्यांच्यांत हें प्रमाण कित्येक पटींनीं अधिक असतें. वर्षाला तीन हजार बाळंतपणें होणारें एखादें मोठें रुग्णालय घेतलें, तर तेथून दरवर्षीं अशीं तीन ते नऊ मुलें घरीं जातात. आकडा लहान दिसतो खरा. परंतु ज्या घरांत त्यांतलें एक मूल जातें, त्या घराला हजारांचा हिशेब काय करावयाचा?

आज मला जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें. या मुलांचें मोठें नुकसान कानापेक्षां उशिरामुळें होतें; आणि हा उशीर टाळण्याचें साधन आज आपल्या हाताशीं आहे. तें साधन म्हणजे जन्मानंतर थोड्याच दिवसांत करावयाची श्रवणपरीक्षा. मी वैद्य नव्हे. सारें आयुष्य शाळेंत घालविलेला एक शिक्षक आहे. परंतु मुलांना भाषा कशी येते हा माझ्या व्यवसायाचाच विषय असल्यामुळें, ती जेथें सुरू होते त्या कानापर्यंत मला जावें लागलें.

मूल वर्षाचें झालें म्हणजे बोलूं लागतें, असें आपण म्हणतों. पण त्याचें शिकणें फार आधीं सुरू झालेलें असतें. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत बाळाचा कान काम करूं लागलेला असतो आणि आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोंचत असतो. अमेरिकेंत डीकॅस्पर व फिफर या दोघां संशोधकांनीं १९८० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मून तीन दिवसही न झालेल्या बालकांच्या तोंडीं त्यांनीं एक चोखणी दिली. ती एका विशिष्ट रीतीनें चोखली कीं आईचा आवाज ऐकूं यावा आणि दुसऱ्या रीतीनें चोखली कीं परक्या बाईचा यावा, अशी योजना होती. त्या चिमुकल्यांनीं आपलें चोखणें आईचा आवाज यावा असें वळवून घेतलें!

दुसरा प्रयोग तर आपल्या भाषांशींच संबंध असणारा आहे. कॅनडांतील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनीं १९८४ सालीं इंग्रजी भाषिक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदींतील ‘त’ आणि ‘ट’ हे दोन ध्वनि ऐकविले. इंग्रज माणसाला हे दोन वर्ण वेगळे ओळखतां येत नाहींत, हें आपण जाणतोंच. परंतु सहा ते आठ महिन्यांचीं त्यांचीं मुलें मात्र हा भेद बिनचूक ओळखत. तींच मुलें वर्षाचीं होत आलीं, तों हा भेद त्यांना कळेनासा झाला. याचा अर्थ असा कीं, पहिला वाढदिवस येण्यापूर्वींच मेंदूनें घरांतल्या भाषेची वर्णमाला निवडून घेतलेली असते. जें कानीं पडतें तें तो पक्कें करतो आणि जें पडत नाहीं तें सोडून देतो. मग ज्या मुलाच्या कानीं कांहींच पडत नाहीं, त्याच्या मेंदूनें काय निवडावें? तो कांहीं रिकामा बसत नाहीं. ध्वनीसाठीं राखलेली जागा तो हळूहळू डोळ्यांच्या व स्पर्शाच्या कामीं लावूं लागतो. पुढें चारपांच वर्षांनीं आपण ध्वनि घेऊन त्याच्या दाराशीं गेलों, तर ती जागा पूर्वींसारखी मोकळी राहिलेली नसते.

यावर कोणी विचारतील कीं, आपल्या मुलाला ऐकूं येत नाहीं हें आईला कळणार नाहीं काय? आईइतकें मुलाला कोणी ओळखत नाहीं हें खरें. परंतु या एका बाबतींत निसर्गच तिला चकवितो. ज्याला मुळींच ऐकूं येत नाहीं असें मूलही पहिले कांहीं महिने इतर मुलांसारखेंच हुंकार देतें, हसतें, रडतें. आई जवळ आली कीं तिचा चेहरा पाहून खुलतें. घरांतील वडील मंडळी थाळी वाजवून किंवा दार आपटून परीक्षा घेतात. मूल दचकतें आणि सर्वांचें समाधान होतें. पण तें थाळीच्या नादानें दचकलें कीं हाताची सांवली डोळ्यांवरून गेली म्हणून, वाऱ्याची झुळूक लागली म्हणून कीं पाळणा हादरला म्हणून, हें कोण सांगणार? शिवाय थाळीचा ठणठणाट ज्याला ऐकूं येतो त्याला आईचें हळू बोलणें ऐकूं येतेंच असें नाहीं. एकाच कानांत दोष असला तर दुसरा कान त्यावर पांघरूण घालतो. मूल दोन वर्षांचें होऊन बोलेनासें झालें म्हणजे प्रथम शंका येते. त्या वेळीं घरांतून उत्तर मिळतें, ‘अहो, याचे वडीलसुद्धां उशिरांच बोलूं लागले होते!’ हें वाक्य प्रेमानें उच्चारलेलें असतें. पण त्यापायीं कित्येक मुलांचें आणखी एक वर्ष हातचें जातें.

पूर्ण बहिरेपण निदान केव्हां तरी उघडकीस येतें. अर्धवट दोषाची गोष्ट त्याहून कठीण आहे. आमच्या शाळेंत एक मुलगा होता. पहिल्या दोन इयत्तांतच तो मठ्ठ म्हणून प्रसिद्ध झाला होता. हांक मारली तर कधीं ओ देई, कधीं देत नसे; त्यामुळें मठ्ठपणाला हट्टीपणाचीही पदवी जोडली गेली. पुढें त्याच्या कानांची रीतसर तपासणी झाली, तेव्हां उंच पट्टीचे ध्वनि त्याला ऐकूंच येत नाहींत असें निघालें. ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘फ’ हे वर्ण त्याच्या दृष्टीनें भाषेंत नव्हतेच. आपण ‘साखर’ म्हणावें आणि त्याच्या कानीं ‘आ-अर’ असें कांहींतरी यावें. अशा तुटक्या अक्षरांवरून तो आमचें बोलणें जुळवीत होता. त्याची बुद्धि मंद असती तर एवढेंही त्याला साधलें नसतें. दोष कळला तेव्हां तो नऊ वर्षांचा होता. त्याला ऐकण्याचें यंत्र मिळालें, तो पुष्कळ सुधारला. परंतु नऊ वर्षांची शिदोरी कोणत्याही यंत्रांतून परत मिळत नाहीं.

तान्ह्या मुलाचा कान तपासण्याचे प्रयत्न जुने आहेत. इंग्लंडांत मँचेस्टर येथील युइंग पतिपत्नींनीं १९४४ सालीं एक पद्धति सांगितली, ती पुढें त्या देशांत घरोघर पोंचली. सातआठ महिन्यांच्या मुलाला आईच्या मांडीवर बसवावयाचें, एकीनें समोरून त्याचें लक्ष गुंतवावयाचें आणि दुसरीनें मागून, दिसणार नाहीं अशा जागेवरून, खुळखुळा वाजवावयाचा. मूल मान वळवितें कीं नाहीं हें पाहावयाचें. पद्धति साधी होती; पण तिच्यासाठीं मूल मान सांवरण्याइतकें मोठें व्हावें लागे, आणि परीक्षकाची जरा चूक झाली कीं निकाल फसे. अमेरिकेंत डेन्व्हर येथें मॅरियन डाउन्स या बाईंनीं १९६४ च्या सुमारास रुग्णालयांतच नवजात बालकांजवळ मोठा आवाज करून त्यांची हालचाल टिपण्याचा उपक्रम केला. पुढें पांचसहा वर्षांत अशा सतरा हजार बालकांची तपासणी झाली. परंतु झोंपलेलें मूल हललें, तें आवाजानें कीं आपोआप, याची खात्री देतां येईना. मात्र बाईंच्या खटपटीला फळ आलें तें असें कीं, १९६९ सालीं अमेरिकेंत बालकांच्या श्रवणाचा विचार करणारी एक संयुक्त समिति स्थापन झाली. ती आजही या विषयांत मार्गदर्शन करते.

अडचण एकच होती. उत्तर देण्याचें काम बाळाकडे होतें आणि बाळाला बोलतां येत नव्हतें. तेव्हां बाळाला न विचारतां थेट कानालाच विचारण्याची युक्ति हवी होती. ती कशी सांपडली हें समजण्यासाठीं कानाच्या आंत थोडें डोकावूं.

ध्वनीची लाट कानाच्या पडद्यावर आपटते, पडद्याचें कंपन तीन चिमुकल्या हाडांच्या सांखळीनें आंत जातें आणि गोगलगाईच्या शंखासारख्या एका वेटोळ्या नळींत पोंचतें. या नळीचे सुमारें अडीच वेढे असून ती उलगडली तर लांबी जेमतेम पस्तीस मिलिमीटर भरेल. तिच्यांत पाणी भरलेलें असतें आणि तिच्या आंतल्या पडद्यावर सुमारें पंधरा हजार सूक्ष्म रोमपेशी रांगेनें उभ्या असतात. पिकावरून वारा गेला म्हणजे कणसें डोलतात, त्याप्रमाणें या पेशींवरचे केंस लाटेबरोबर हलतात, आणि त्या हालण्याचें रूपांतर विजेच्या सूक्ष्म संदेशांत होऊन तो ज्ञानतंतूनें मेंदूकडे जातो. या पेशी एकदां नष्ट झाल्या कीं माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत.

या रोमपेशींच्या चार रांगा असतात. आंतली एक रांग मेंदूला बातमी कळविते. बाहेरच्या तीन रांगांचें काम निराळें; त्या ध्वनीबरोबर स्वतः ताणतात, आंखडतात आणि क्षीण आवाजाला जोर देतात. कान असा स्वतः राबत असला पाहिजे, तो निव्वळ ऐकत बसत नसावा, असें थॉमस गोल्ड या केंब्रिजच्या तरुण शास्त्रज्ञानें १९४८ सालींच सुचविलें होतें. तसें असेल तर कानांतून थोडासा आवाज बाहेरही आला पाहिजे, असेंही त्याचें म्हणणें होतें. त्या काळीं हें कोणाला पटलें नाहीं, आणि तो क्षीण आवाज टिपणारें साधनही नव्हतें. पुढें तीस वर्षांनीं, १९७८ सालीं, लंडन येथें डेव्हिड केंप यांनीं कानाच्या भोंकांत एक लहानसा मायक्रोफोन बसविला, एक ‘टिक्’ असा बारीक आवाज केला, आणि एक सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या अवधींत कानाच्या आंतून परत आलेला ध्वनि टिपून दाखविला. निरोगी कान हांकेला ओ देतो!

नवजात बालकाची आजची श्रवणपरीक्षा या शोधावर उभी आहे. तिला डॉक्टर मंडळी ‘ओ. ए. ई.’ म्हणतात. दूध पिऊन बाळ झोंपलेलें असतें. त्याच्या कानांत मऊ रबरी टोंक असलेली एक लहान नळी ठेवतात. त्या नळींतूनच बारीक टिकटिक आंत सोडली जाते आणि नळींतलाच मायक्रोफोन आंतून येणारें उत्तर ऐकतो. सुई नाहीं, औषध नाहीं, वेदना नाहीं. बाळ शांत असलें तर एका कानाला एकदोन मिनिटें पुरतात.

दुसरी एक परीक्षा आहे, तिला आपल्याकडे ‘बेरा’ म्हणतात. कान आणि मेंदू यांच्या मधला ज्ञानतंतूचा रस्ता ती तपासते. ध्वनि ऐकल्यावर पहिल्या दहा सहस्रांश सेकंदांत त्या रस्त्यावर विजेच्या बारीक लाटा उमटतात, हें अमेरिकेंत ज्यूएट व विलिस्टन यांनीं १९७१ च्या सुमारास स्पष्ट केलें. बाळाच्या डोक्याला दोनतीन चिकटपट्ट्या लावून त्या लाटा टिपतां येतात. येथें एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. कांहीं मुलांत कानाचा शंख उत्तम असतो, पण पुढचा रस्ताच नीट नसतो. अशा मुलाची ओ. ए. ई. परीक्षा निर्दोष येते आणि तरीही त्याला बोलणें उमगत नाहीं. म्हणून ज्या बाळाला अतिदक्षता विभागांत पांच दिवसांहून अधिक काळ राहावें लागलें असेल, त्याची बेरा परीक्षाच करावी असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

हा दोष येतो तरी कशानें? जन्मजात श्रवणदोषाच्या कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईबाप दोघेही उत्तम ऐकणारे असतात. पण दोघांच्याही रक्तांत एकच लपलेला दोष असला, तर तो मुलांत प्रकट होतो. मामेबहिणीशीं लग्न करण्याची चाल आपल्या प्रांतांत कित्येक घराण्यांत चालत आली आहे. एकाच घराण्याचें रक्त दोन्हींकडून येत असल्यामुळें तेथें हा संभव वाढतो. गरोदरपणीं आईला रुबेला किंवा सायटोमेगॅलो या विषाणूंची बाधा झाली तर बाळाच्या कानाला इजा पोंचूं शकते. रुबेलावर लस आहे. जन्मतः फार कमी वजन, रक्त बदलावें लागण्याइतकी तीव्र कावीळ, मेंदूच्या आवरणाची सूज, हींही कारणें होत. जेंटामायसिनसारखीं कांहीं औषधें बाळाचा जीव वांचवितात, पण क्वचित् कानावर परिणाम करतात. तीं नाकारूं नयेत, परंतु पुढें कान मात्र अवश्य तपासून घ्यावेत.

ही यादी ऐकून ‘आमच्याकडे यांतलें कांहींच नाहीं’ असें म्हणून कोणी निर्धास्त होऊं नये. श्रवणदोष असलेल्या बालकांपैकीं सुमारें निम्म्यांच्या बाबतींत असें एकही कारण आधीं दिसत नाहीं. आणि ऐकूं न येणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक मुलें ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटीं येतात. पूर्वीं पाश्चात्त्य देशांत ज्यांच्याविषयीं शंका आहे तेवढींच मुलें तपासण्याची रीत होती. त्यामुळें निम्मीं मुलें हातून निसटत. म्हणून १९९३ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञांनीं, सर्वच बालकें तपासावीं, असा अभिप्राय दिला. इंग्लंडनें २००१ सालीं आरंभ करून २००६ पर्यंत ही परीक्षा सर्व देशभर नेली आणि खुळखुळ्याची जुनी पद्धति निवृत्त केली.

लवकर कळल्यानें खरोखर काय फरक पडतो, याचा पुरावा कोलोरॅडो येथील योशिनागा-इतानो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं पुढें ठेवला. ऐकूं न येणाऱ्या दीडशें मुलांची त्यांनीं तुलना केली. त्यांतील ७२ मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आंत ओळखला गेला होता, ७८ मुलांचा त्यानंतर. पहिल्या गटांतील मुलांची भाषा दुसऱ्या गटापेक्षां स्पष्टपणें चांगली निघाली, मग दोष थोडा असो वा फार, घर श्रीमंत असो वा गरीब. बाकी सर्व सारखें असतां भेद पडला तो वेळेनें. यावरूनच ‘एक, तीन, सहा’ असा एक सोपा नियम रूढ झाला आहे. महिन्याच्या आंत प्राथमिक परीक्षा, तीन महिन्यांच्या आंत पक्कें निदान, आणि सहा महिन्यांच्या आंत उपचारांस प्रारंभ. जेथें ही व्यवस्था उत्तम बसली आहे, तेथें आतां एक, दोन, तीन महिन्यांचें ध्येय ठेवावें, असेंही २०१९ पासून सांगण्यांत येत आहे.

आतां निकालाविषयीं दोन शब्द. पहिल्या परीक्षेंत यंत्रावर ‘रेफर’ असा शब्द उमटला, तर कित्येक घरांत रडारड होते. त्या शब्दाचा अर्थ ‘मूल बहिरें आहे’ असा नाहीं. ‘पुन्हां तपासा’ एवढाच आहे. जन्मानंतर पहिल्या एकदोन दिवसांत बाळाच्या कानांत चिकट द्रव राहिलेला असतो, तें चुळबुळ करीत असतें, खोलींत गलबला असतो. या कोणत्याही कारणानें तसा निकाल येतो, आणि अशा मुलांपैकीं बहुतेकांचे कान पुढील तपासणींत निर्दोष ठरतात. धान्य चाळतांना चाळणींत कांहीं चांगले दाणेही राहतात, तसेंच हें. पण म्हणून चाळणींत राहिलेलें तसेंच टाकून देणें हीच खरी चूक होय. जगांत सर्वत्र या कामाची गळती येथेंच होते. घरीं गेल्यावर बाळ छान दिसतें, बाळंतीण माहेरीं जाते, आणि दुसरी तारीख विसरली जाते. ज्या मुलासाठीं हा सारा खटाटोप, नेमकें तेंच मूल यांत हरवतें.

उलट, निकाल ‘पास’ आला म्हणजे जन्माची निश्चिंती झाली असेंही नाहीं. कांहीं श्रवणदोष जन्मानंतर महिन्यांनीं किंवा वर्षांनीं प्रकट होतात. म्हणून सहासात महिन्यांचें मूल मागून आलेल्या आवाजाकडे वळतें काय, नऊदहा महिन्यांचें मूल ‘बाबा’, ‘दादा’ अशा अक्षरांची माळ लावतें काय, वर्षाचें मूल नांवानें हांक मारतां पाहतें काय, याकडे लक्ष ठेवावें. आणि शंका आल्यास शेजारणीपेक्षां श्रवणतज्ज्ञाला विचारावें.

दोष निश्चित झाला तर पुढें काय? अगदीं दोनतीन महिन्यांच्या बाळालाही कानामागें बसणारें यंत्र लावतां येतें. ज्यांना त्याचा उपयोग होत नाहीं, त्यांच्यासाठीं ‘कॉक्लियर इम्प्लांट’ ही शस्त्रक्रिया आहे. तींत नादुरुस्त रोमपेशींना वगळून विजेचे संदेश थेट ज्ञानतंतूला दिले जातात. येथेंही वेळेचेंच राज्य आहे. अनु शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, साडेतीन वर्षांच्या आंत हें यंत्र मिळालेल्या मुलांचा मेंदू ध्वनीला इतर मुलांसारखा प्रतिसाद देऊं लागतो. सात वर्षांनंतर तें सहसा घडत नाहीं. परंतु यंत्र म्हणजे शिक्षण नव्हे. यंत्रानें ध्वनि मिळतो, भाषा घरांतल्या माणसांनींच द्यावी लागते. बाळाशीं समोर बसून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, दिवसभर बोलत राहणें हें काम कोणा डॉक्टराला करतां येणार नाहीं. आणि ज्या कुटुंबांना यंत्र शक्य नाहीं किंवा पुरेसें नाहीं, त्यांनींही निराश होऊं नये. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचें व्याकरण आहे, आणि तीही जितकी लवकर मिळेल तितकी अंगीं मुरते. मुलाला कोणत्या ना कोणत्या भाषेवांचून ठेवणें, एवढेंच काय तें अक्षम्य आहे.

आपल्या देशांत या कामाचीं साधनें नाहींत असें नाहीं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ सालीं आणि मुंबईंत वांद्रें येथील अली यावर जंग संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. तज्ज्ञ तयार करण्याचें व रुग्ण तपासण्याचें काम तेथें चालतें. बालकांच्या जन्मजात दोषांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर आपल्याच प्रांतांत, पालघर येथें, फेब्रुवारी २०१३ मध्यें सुरू झाला, आणि त्याच्या यादींत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. कोचीन येथें २००३ सालापासून बालरोगतज्ज्ञांनीं एक व्यवहारी तोड काढली. प्रत्येक प्रसूतिगृहानें स्वतंत्र यंत्र न घेतां, एक प्रशिक्षित व्यक्ति यंत्र घेऊन ठराविक दिवशीं रुग्णालया-रुग्णालयांतून फिरते आणि बालकें तपासते. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवीं चारपांच प्रसूतिगृहांनीं मनांत आणलें, तर हें अशक्य आहे काय? आज मात्र स्थिति अशी आहे कीं, कांहीं रुग्णालयांत ही परीक्षा नेमानें होते आणि कांहींत होतच नाहीं. म्हणून ती आईबापांनींच मागून घेतली पाहिजे.

तेव्हां घरीं जाण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत. बाळाच्या दोन्ही कानांची परीक्षा झाली काय? ती ओ. ए. ई. होती कीं बेरा? आणि पुन्हां यावयाचें असल्यास कोणत्या तारखेस व कोणाकडे? उत्तरें कागदावर लिहून घ्यावींत आणि तो कागद लसीकरणाच्या कार्डाबरोबर जपून ठेवावा. प्रसूतिगृहांत सोय नसेल, तर जिल्हा रुग्णालयांत किंवा जवळच्या श्रवणतज्ज्ञाकडे महिना भरण्याच्या आंत बाळाला न्यावें.

बाराव्या दिवशीं आपल्याकडे बारसें होतें. आत्याबाई पाळण्याशीं वांकून बाळाच्या कानांत त्याचें नांव सांगते. घरांतील सर्वांच्या साक्षीनें त्या कानावर टाकलेला हा पहिला विश्वास असतो. ज्या घरांत पाळणा सजविण्यासाठीं, घुगऱ्या वांटण्यासाठीं एवढी धांवपळ होते, त्या घराला तें नांव बाळाला ऐकूं गेलें काय हें पाहण्यासाठीं पांच मिनिटें काढणें जड नाहीं. नियोजित वेळ संपली. आपल्या ओळखीच्या ज्या घरीं लवकरच पाळणा हालणार असेल, त्या घरीं आजचें हें बोलणें आपण पोंचवावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.